कळ दाबा

सत्त्याऐंशी साली खाण कंपनीच्या सदर भागातल्या कचेरीत कंप्युटर आला, तेव्हा टंकलेखन विभागातल्या सहा बायकांपैकी एकटी शामला त्याच्यामागे लागली. संध्याकाळचा वर्ग लावून प्रोग्राम लिहायला शिकली. वय अडतीस, नोकरी अजून कच्ची. सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत नवरा मधुकरराव, सासू आणि नुकतीच माहेरी परतलेली विधवा नणंद कौशल्या.

कौशल्याचा नवरा शालिकराम याच कंपनीच्या कन्हानकडच्या खाणीत काम करताना वारला होता. मेलेल्या कामगाराच्या बायकोला कंपनीत काम मिळे, फक्त सगळे कागद मृत्यूपासून वर्षाच्या आत पुरे व्हायला हवेत. कौशल्या अर्ज देणारच होती, आणि अशा अर्जांचा प्रोग्राम नेमका शामलाकडे आला.

एखादा कागद कमी असला की पडद्याच्या तळाशी तशी ओळ उमटावी, एवढंच साहेबांनी सांगितलं होतं. शामलाने त्यावर आठवडा घालवला. अर्जदाराला कळवल्याची तारीख कारकून भरत नाही तोवर ओळ जागची हलणार नाही, फाईल जितक्यांदा उघडाल तितक्यांदा समोर येईल, अशी तिने ती बांधली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आपल्या डोक्याने केलं, असं तिला वाटलं.

मनोहररावांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, दोन दिवस ते चालवून पाहिलं.

"बाई, हे त आगंतुक पाहुण्यासारखं ठाण मांडून बसते. खिडकीवर लाईन लागून राहिली. एकदा दिसलं, कळ दाबली, गेलं. असं पाहिजे."

"सर, एकदा गेलं तर पुन्हा कोणाला कळणार नाही."

"ज्याले कळायचं त्याले एका वेळेतच कळते." ते हसले. "तुमचा कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे बरं. सहीसाठी काढून ठेवला आहे."

शामलाने एका दुपारी ते बदललं. बारा ओळी खोडल्या, दोन घातल्या. वर साहेबांच्या सांगण्यावरून आणखी एक घातली: निरोप दिसल्याची तारीख मशीनने आपणहून नोंदवायची. मशीनवर देवनागरी नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: पुढे जाण्यासाठी कळ दाबा.

मनोहररावांनी ते मोठ्याने वाचलं. "कळ दाबा. बाई, हे त तुमी बायकांचंच काम लिहून ठेवलं."

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. शामलाही हसली, कारण कागद टेबलावर होता.

महिन्याभरात कौशल्याने खिडकीवर अर्ज दिला. त्यानंतर रोज संध्याकाळी शामलाने चप्पल काढली की ती विचारायची, "वहिनी, आला का वं काई निरोप?"

"येईन. कागद कमी असता त सांगितलं असतं."

कौशल्या स्वतः तीनदा खिडकीवर जाऊन आली. तीनही वेळा "चालू आहे" ऐकून परतली. शामला वरच्या मजल्यावर बसायची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत नणंदेची फाईल उघडून पाहणं तिला जड नव्हतं. पण घरच्या माणसाची फाईल पाहताना कोणी पाहिलं तर, या भीतीने तिने ती उघडली नाही. अर्ज दिल्यापासून आठव्या महिन्यात शामला कायम झाली. मधुकररावांनी पेढे आणले.

वर्ष सरलं आणि कौशल्याच्या नावाने पत्र आलं, ते शामलाच्याच हाती पडलं. वारस दाखला मुदतीत न दिल्यामुळे अर्ज फेटाळून निकाली.

शामला पत्र घेऊन खाली खिडकीवर गेली. देवराव तिथला जुना कारकून, साधा माणूस.

"देवराव, ही फाईल तुम्हीच चढवली होती?"

"हो मॅडम."

"खाली ओळ आली होती?"

"आली होती ना. वारस दाखला कमी. अन् मंग लिवलं होतं, पुढे जाण्यासाठी कल दाबा."

"कळ."

"कळ हाय का ते?" देवराव खरोखर चकित झाला. "के, ए, एल होतं. मी म्हटलं, कल. म्हंजे हिंदीतलं, आज राहू द्या, उद्या दाबा. मी त दुसऱ्या दिवशीच दाबनार होतो, पण हात लागला अन् ओळ गेली. म्हटलं, कल ओळ फिरून येईन."

"मग?"

"नाई आली. मले वाटलं, कागद आला असन."

ती मनोहररावांकडे गेली. त्यांनी फाईल उघडली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. निरोप दिसला, तारीख आहे. कंपनीकडून काम झालं. तुमच्याच प्रोग्रामनं लिहून ठेवलं आहे."

घरी मधुकररावांनी पत्र वाचून घडी घातली. "सध्या तिले सांगू नको. सांगून का होनार हाय? दाबून टाक. घरी हाय त मायचं पाहते, दोन टाइमचा सैपाक करते. तुले बी सोयच झाली ना."

सोय झाली होती.

तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. कौशल्या चुलीपुढे भाकर थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वारस दाखला माह्या पेटीत हाय," ती म्हणाली. "तहसिलीतून कवाचाच आनून ठेवला. कोनी मागतलाच नाई वं."

तिने भाकर हातावर फिरवली.

"ती ओळ एकदा गेली का येत नाई, हे तुमाले म्हाईत होतं?"

"हो."

"मंग काहून केलं तसं?"

"साहेबानं सांगितलं. मले कायम व्हायचं होतं."

कौशल्याने भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "झाल्या ना कायम?"

"झाले."

"बरं झालं." आवाजात टोमणा नव्हता. शामलाने तो शोधला, कारण टोमणा असता तर काही फेडल्यासारखं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात शामलाने ओळ पुन्हा पहिल्यासारखी करायची परवानगी मागितली. मनोहररावांनी नकारार्थी मान हलवली. मग तिने विचारलं, निदान 'कळ'च्या जागी 'बटन' लिहू का, लोकांचा घोटाळा होतो. ही सुधारणा त्यांना फार आवडली. त्यांनी लगेच सही केली.

कौशल्या आता इतवारीत एका ठोक व्यापाऱ्याकडे मिरच्यांची देठं खुडायला जाते. संध्याकाळी शामलाच्या आधी घरी येते, हात तीनतीनदा धुते आणि पीठ मळायला बसते. शामला दारात चप्पल काढते. सवयीने क्षणभर तिथेच थांबते. आतून काहीच विचारणा होत नाही.