सांगडीवाला बाबा

पैनगंगेकाठच्या त्या गावात माझी पहिली नेमणूक झाली. मराठी वर्गांना मी एकटीच शिक्षिका. संध्याकाळी आदिलाबादची बस गेली की बोलायला कुणी उरत नसे. शेजारी एक म्हातारी राहायची. तिलाही कुणी नव्हतं, म्हणून आमचं जमलं.

तिच्या आढ्याला वाळके भोपळे टांगलेले होते. त्यांची सांगड बांधून ती एकेकाळी नदी पार करायची. निझामी राजवटीच्या शेवटी रझाकारांच्या भीतीनं पळणारी माणसं तिनं त्या सांगडीवर धरून पलीकडे, वऱ्हाडात पोचवली होती. बाई म्हणून ओळखू येऊ नये, यासाठी तेव्हा मेलेल्या नवऱ्याचं धोतर नेसायची, डोक्याला मुंडासं बांधायची. नेम एकच: कुणाला नाव विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही. पकडले गेलो तर तोंडून निघायला नको.

गावाला हे खरं वाटत नसे. "बुढीचं डोस्कं फिरलं," म्हणायचे. ती चिडायची नाही. एकदाच म्हणाली, "बाई, त्यायच्यातलं एक जरी मानूस भेटलं असतं न, 'होय, हीच होती' म्हनायले, तं मी सुखानं मेली असती."

मला असलं ऐकून स्वस्थ बसवत नाही. रविवारी नावेत बसले आणि पलीकडच्या गावांत विचारत सुटले. एका काठावर शेंदूर फासलेला दगड दिसला. एक म्हातारा तिथं झाडत होता.

"हा आमचा सांगडीवाला बाबा," तो म्हणाला. "मी लहान होतो. आमाले उतरवलं न माघारी जातानी वाहून गेला बिचारा. नुसतं मुंडासं सापडलं. दरसाल अखजीले नारळ फोडतो आमी."

मी धावतपळत परतले. तिला सगळं सांगून, त्याला उद्याच इथं आणते, म्हणाले. म्हातारीनं वर भोपळ्यांकडे पाहिलं.

"मुंडासं गेलं होतं खरं माह्यं," ती म्हणाली. "पन नोको आनू त्याले. बाबा जित्ता निंगाला, तं नारळ कोनाले फोडतीन ते?"

मला संताप आला. जन्मभर वाट पाहिली ते दारात येत होतं आणि हिला त्या दगडाची काळजी!

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र तीच म्हणाली, "चाल, जाऊन येऊ." सुट्टी लागली होती, तरी मी गावी गेले नव्हते. उन्हाळ्यानं नदीला आता गुडघाभरच पाणी होतं. माझा हात धरून ती चालत पलीकडे गेली आणि पदर पुढे ओढून बायकांत बसली. नारळ फुटला. म्हाताऱ्यानं सगळ्यांना खोबरं वाटलं. तिच्या हातावर तुकडा ठेवताना त्यानं विचारलं, "कुठची व माय तू?"

"पल्याडची."

तो पुढच्या बाईकडे वळला. माझ्या ओठांवर आलं होतं. तिनं माझं मनगट घट्ट दाबलं.

परतताना ती वाळूत टेकली. पदरातलं खोबरं काढून तिनं अर्धं मला दिलं.

"खा बाई. माह्याच नावाचं हाय."

माझा तुकडा मुठीतच राहिला. ती मात्र बोळक्या तोंडात कितीतरी वेळ घोळवत बसली होती.