सुपारीला लागलेलं बोट

कडूबाला कोणी ज्योतिषी म्हटलं की तो चिडे. "मी सांगत नसतो, वाचत असतो," म्हणे. एरवी तो चार एकर कोरडवाहूचा कास्तकार. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी मात्र गावाबाहेरच्या वावरात घट मांडी: गोल आळ्यात सरकी, ज्वारी, तूर, गहू यांचे दाणे, मधे पाण्याची घागर, तिच्याजवळ विड्याचं पान आणि पानावर सुपारी. सुपारी म्हणजे राजा. रात्रभर तिथं कोणी फिरकायचं नाही. सकाळी कोण किती सरकलं ते पाहून कडूबा पीकपाणी आणि राज्य, दोन्ही वाचून दाखवी.

इंग्रजांच्या काळात याला फार गिऱ्हाईक. सरकी कुठं ढळली याची काळजी कापूस पिंजणाऱ्या जिनवाल्यांच्या दलालांना, सुपारी कुठं ढळली याची सरकारला. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच्या पुढच्या साली सुपारी पानावरून पार खाली गेली आणि कडूबानं तसंच वाचलं. तहसीलदारानं त्याला दोन दिवस कचेरीच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं. सुपारी जागेवर आहे, एवढंच बाजारात सांग, म्हणाला.

"सांगतो ना साहेब," कडूबा म्हणाला, "पण राजाचं खोटं सांगतलं त पावसाचं कोन खरं मानन?"

ही गोष्ट गावानं मला पहिल्याच आठवड्यात ऐकवली. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. चिखलीला मॅट्रिक होऊन मी इथं मास्तर म्हणून आलेलो. विज्ञानाचं अर्धं पुस्तक पाठ, म्हणून पुरता शहाणा. हॉटेलात म्हणालो, "सुपारी मुंग्या हलवतात."

"मंग मुंग्याईले मास्तर करा," कोणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. मला ते लागलं.

त्या तृतीयेला लोक परतल्यावर, दिवेलागणीला, मी वावरात शिरलो. सुपारी बोटानं सरकवली, सरकीचे चार दाणे विस्कटले. माझ्या बोटावरून हा म्हातारा कोणाचं राज्य पाडतो ते बघू, असा माझा प्रयोग.

सकाळी गाव जमलं. कडूबा आळ्यावर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्याला दिसलेलं मलाही दिसलं: ओल्या मातीत बुटाचा ठसा. गावात बूट घालणारा मी एकटा. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय घासत दोन पावलं चालला. ठसा गेला.

"औंदा वाचता येत नाही," तो म्हणाला. "मांडतानीच हात चुकला माहा. पुढच्या सालापासून दुसरा पाहा."

ज्याचा हात चुकला त्यानं पुन्हा घट मांडायचा नाही, अशी रीत. त्याची बायको मनकर्णाबाई डोळ्याला पदर लावून उभी राहिली. मी घसा खाकरला, तो बोलण्यासाठीच. पण नुसता खाकरला.

दुपारी त्याच्या घरी गेलो.

"आबा, मी लोकांना सांगतो. हात माझा होता."

"बसा. काऊन सांगता?"

"तुमच्यावर आलं ना सगळं."

"मास्तर, तुम्ही सांगसान त लोक म्हनतीन, सुपारी मानसाच्या बोटानं हालते. मंग म्हनतीन, इंग्रजाच्या वक्ती भी कोनाचं तरी बोट असन. मंग कडूबा कचेरीत बसला कायच्यासाठी? हात चुकला म्हनतीन त एकच साल जाते. तुमच्या सांगन्यानं सारेच जातीन."

मनकर्णाबाईनं चहा आणला. मास्तर म्हणून मला कपबशीत. मी तो फुंकून फुंकून प्यालो आणि घरी आलो. लाज वाटत होती; आणि आता सांगावं लागणार नाही, म्हणून जीव हलकाही झाला होता. त्या हलकेपणाची लाज पहिलीपेक्षा वाईट.

पुढच्या साली भगवानरावानं घट मांडला. त्याचा भाऊ कापसाचा दलाल. भगवानरावानं वाचलं की औंदा कापूस रग्गड, भाव पडणार, घरातला असेल तो आताच विकून टाका. कडूबा गर्दीत माझ्या शेजारी उभा होता.

"बराबर हाय का, आबा?" कोणी तरी विचारलं.

"आपल्याले काय समजते आता," कडूबा म्हणाला.

"तुमचं शास्त्र काय म्हनते, मास्तर?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.