निळी गाडी बाजूला का होते?

ताईंना नुसतं कुलूप लावून चैन पडत नसे; ते ओढून पाहावं लागे. भाजीवाल्याचा काटा, शेजारणीचं हसू, डॉक्टरांचं ‘काही नाही, ठीक आहे’ यांपैकी कशावरही त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. विश्वास होता तो फक्त वडिलांवर.

मोटारशर्यतीच्या एका खेळात कॉम्प्युटरनं चालवायच्या गाड्या त्या घडवत. आधी माणसांकडून फेऱ्या मारून घ्यायच्या. रोज त्या पाहून कॉम्प्युटर शिके. मग ब्रेक कुठे, वळणावर घसरायचं किती, मागच्याला अडवायचं किती, हे ताई आकड्यांनी नेटकं करत.

बाकी गाड्या चवताळून धावत. निळी तेवढी मोठ्या वळणाआधी मंदावे, डावीकडे सरके आणि मागच्याला वाट देई. ताईंनी आकडे सुधारले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

“ताई, तुमची निळी भलतीच सभ्य आहे हो!” शेजारच्या टेबलावरून हसऱ्या म्हणाला. सदा दात काढणारा म्हणून त्याचं हे नाव.

“तिला सभ्यपणा कोण शिकवतंय, तेच बघतेय.”

तो पाणी प्यायला उठला. आत्ताच तहान लागली? चोराच्या मनात चांदणं! ताईंनी पासवर्ड बदलला, स्क्रीन भिंतीकडे फिरवला. निळी मात्र बदलली नाही. शेवटी त्या साहेबांकडे गेल्या.

“हसऱ्या माझ्या कामात हात घालतो.”

“संध्याकाळी बोलावतो. खरं निघालं तर उद्यापासून घरी बसेल.”

आता पुरावा हवा. ताईंनी पडद्यावर निळीच्या चालकाच्या जागेवरून शर्यत लावली. वळण आलं. गाडी हळूच कडेला गेली, मागची पूर्ण पुढे जाईपर्यंत थांबली आणि कुणाची झोप मोडू नये अशी अलगद निघाली. याच चालकामागच्या सीटवर बसून तर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. वडिलांनी जन्मभर बस चालवली होती, म्हणून निळीच्या फेऱ्या त्यांनी मोठ्या भरवशानं वडिलांकडून मारून घेतल्या होत्या. त्या फेऱ्या मात्र एकदाही तपासल्या नव्हत्या.

त्यांनी घरी फोन लावला. “बाबा, वळणावर गाडी बाजूला का घेत होतात?”

“मागच्याला घाई होती. जाऊ द्यावं माणसानं.”

“अहो बाबा, शर्यत होती ती!”

“मग जिंकला असेल बिचारा. तुझं काय गेलं?”

संध्याकाळ व्हायच्या आत ताई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. “त्याला बोलावू नका. चोर माझ्याच घरातला निघाला.” सगळी हकीकत ऐकून साहेब पोट धरून हसले आणि बातमी दाराबाहेर हसऱ्यापर्यंत पोचली.

“ताई, माझ्यावर संशय घेतलात?” हसऱ्या पहिल्यांदाच न हसता म्हणाला.

“घेतला. चुकलं माझं.”

“आता तर नाही ना?”

ताईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

“आता कमी आहे,” त्या म्हणाल्या आणि स्क्रीन पुन्हा सरळ केला.