तीन शेजारी, एक बॉयलर

सिहोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये मी एकवीस वर्षांपासून बॉयलर सांभाळतो. गाव माझं आंबागड. रोज सकाळी मोटारसायकलनं यायचं, आल्याबरोबर पाण्याची काच बघायची, प्रेशरचा काटा बघायचा आणि मगच चहाला हात लावायचा. मिलमधले सगळे मला मिस्त्री म्हणतात. आमचा तांदूळ उसना. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. त्यातली वाफ माझ्याकडे. बॉयलरमध्ये धानाचाच भुसा जळतो, त्यामुळे विकतचं काही जाळावं लागत नाही.

आमच्या मिलला लागून पोह्यांचा कारखाना आहे आणि त्याच्या पलीकडे दुधाची डेअरी. पोहेवाल्याकडे धान भिजवायचं पाणी तापवायला आणि भाजायला कोळसा जळायचा. डेअरीत दूध तापवायला डिझेलवरचा छोटा बॉयलर होता. तीन शेजारी आणि तिघांची तीन धुराडी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

डेअरी चालवणाऱ्या बाई आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. नोकरी सोडून त्यांनी डेअरी काढली, पण बोलणं अजून वर्गातलंच. दोन वर्षांपूर्वी त्या भंडाऱ्याला कारखानदारांच्या एका बैठकीला जाऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या शेठजींना आणि पोहेवाल्याला डेअरीत बोलावलं. वाफेचा विषय आहे म्हणून शेठजी मलाही घेऊन गेले.

गेलो तर पोहेवाला आधीच येऊन बसलेला. शेठजींना बघून त्यानं खुर्ची खिडकीकडे फिरवली. नऊ वर्षांपासून दोघांत बोलणं नव्हतं. बाईंनी तिकडे लक्ष न देता सांगायला सुरुवात केली. हरितगृह वायू कमी करायचे आहेत, आणि एकेकट्यानं करण्यापेक्षा शेजाऱ्यांनी मिळून केले तर सोपं जातं, असं तिथं सांगितलं होतं म्हणे.

शेठजींनी बोटांवर तिघांचे कारखाने मोजले. मग म्हणाले, की आपल्या तिघांपैकी कोणाकडेच हरितगृह नाही, ढोबळी मिरची तर कोणी लावतच नाही.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाटीवर समजावावं तसं समजावलं. कोळसा आणि डिझेल जमिनीच्या पोटातून येतं. ते जाळलं की जो वायू निघतो तो हवेत साठत जातो आणि पृथ्वी तापते. धानाच्या भुशातूनही तोच वायू निघतो, पण तो धानानं वाढताना याच हवेतून घेतलेला असतो. दरसाल घेतलं, दरसाल परत दिलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मिस्त्री, तुमच्या बॉयलरला अजून किती काम झेपेल?"

मी शेठजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी खरं ते सांगितलं. शेठजींनी मिल वाढवायची म्हणून मोठा बॉयलर घेतला होता, मिल काही वाढली नाही आणि बॉयलर अर्ध्या कामावर चालतो. डेअरीची आणि पोह्याच्या पाण्याची वाफ त्यातून सहज निघेल. भुसाही उरतो.

बाईंना हेच ऐकायचं होतं. तिघांनी मिळून मिलपासून डेअरीपर्यंत वाफेचा पाइप टाकायचा, असं त्यांचं म्हणणं. अडचण एकच होती. रस्त्याच्या बाजूनं पाण्याचा नहर, मागच्या बाजूला लोकांची शेतं. पाइप न्यायचा तर पोहेवाल्याच्या आवारातूनच.

तो उठला. "त्या मिलमधलं काईच माह्या आवारातून जाणार नाई," एवढं खिडकीला सांगून तो निघून गेला.

बाईंनी मला दारात थांबवून विचारलं, की या दोघांचं नेमकं बिनसलं कशावरून. मी म्हणालो, जुनं काहीतरी आहे. हे अर्धवट बोलणं होतं. सगळं मला माहीत होतं.

त्या बैठकीच्या नऊ वर्षं आधी पोहेवाल्याच्या मुलीचं लग्न त्याच्याच आवारात होतं. पांढराशुभ्र मांडव घातला होता. शेठजींनी मला सकाळीच बजावलं होतं, "आज दुपारी नळ्या झाडू नको, बाजूले लग्न आहे." बॉयलरच्या नळ्यांत काजळी साचते. ती वाफेच्या जोरानं झाडली की धुराड्यातून काळी राख उडते. म्हणून ते काम आम्ही वारा बघून करतो. त्या दिवशी भुसा ओला आला, प्रेशर पडायला लागलं, टाकीत धान वाफेची वाट बघत होतं. मी सवयीनं व्हॉल्व्ह उघडला. लग्नाचं डोक्यातून पार गेलं होतं.

बाहेर येऊन बघतो तर सगळी राख मांडवावर. पाहुण्यांच्या टोप्यांवर, पंगतीतल्या भातावर, नवरीच्या मामाच्या पांढऱ्या शर्टावर. शेठजी स्वतः अहेर घेऊन मांडवात उभे होते, त्यांच्याही डोक्यावर. महिनाभर आधी दोघांची कुंपणावरून कुरबुर झाली होती. पोहेवाल्याला वाटलं, शेठनं मुद्दाम केलं. शेठजींनी हात जोडून माफी मागितली, पण माझं नाव घेतलं नाही. मी बॉयलरच्या मागं उभा राहून सगळं ऐकत होतो. मलाही ते कधी काही बोलले नाहीत.

त्या बैठकीनंतर दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आपण दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेताना खोटं बोलणार नाही म्हणतो, मग हे गप्प बसणं कशात मोजायचं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोहेवाल्याकडे गेलो. तो पोत्यांची तोंडं शिवून घेत होता. बस म्हणाला, पण मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

त्यानं सुतळी खाली ठेवली.

"शेठनं तुले सकाळीच मना केलं होतं?"

"हो जी. मीच भुललो."

"मंग त्यानं मले काहून नाई सांगतलं?"

त्यानं चपला घातल्या आणि तो थेट आमच्या मिलच्या फाटकातून आत शिरला. मी मागोमाग. आता माझी नोकरी जाते, असंच मला वाटत होतं. शेठजी ऑफिसात धानाचा नमुना तळहातावर घेऊन बघत होते. पोहेवाल्यानं दारातूनच तो प्रश्न पुन्हा विचारला.

शेठजींनी धान ताटलीत ओतलं. "मिस्त्री माह्या मिलमधला माणूस. त्याची चूक ते माही चूक. त्याचं नाव सांगून तुहा मांडव पांढरा होणार होता काय?"

पोहेवाला खुर्चीत बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो आहे, पण तो हसत होता. नऊ वर्षं भलत्याच माणसाला शिव्या दिल्या म्हणून हसत होता. शेठजी उठले, लोखंडी कपाट उघडून त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. लग्नाला भंडाऱ्याहून आणलेली पितळेची समई. त्या दिवशी ती हातातच राहिली, आणि नंतर द्यायला तोंड नव्हतं. पोहेवाल्याची ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. समई तिच्याकडे पोचली. मुलीनं फोन करून शेठजींना एवढंच विचारलं म्हणे, की पॉलिश करून द्याल का.

संध्याकाळी जाताना शेठजी मला फक्त म्हणाले, "उद्या पाइपचं माप घे."

पोहेवाल्यानं पाइपला जागा दिली, पण अटी घातल्या. धुराड्याला राख धरणारं यंत्र बसलं पाहिजे, आणि नळ्या झाडायच्या तर त्याला विचारून. दोन्ही मान्य झाल्या. डेअरीच्या बाईंचीही एक अट होती, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. त्यांच्या डिझेल बॉयलरवर एक माणूस होता. बॉयलर बंद म्हणजे आपलं काम बंद, या धास्तीनं तो रोज आमच्याकडे डोकावून जायचा. बाईंनी शेठजींना सांगितलं, आधी या माणसाला तुमच्याकडे घ्या, मग पाइपचं बोलू. शेठजींनी घेतला.

नकाशा झाला, बॉयलर निरीक्षक येऊन गेले, त्यांनी दोन वेळा दुरुस्त्या सांगितल्या आणि आम्ही त्या केल्या. पाऊस संपल्यावर पाइप टाकून त्यावर वाफ गरम राखणारं वेष्टण चढवलं.

पहिल्यांदा वाफ सोडली ती सकाळी, दुधाच्या वेळेला. मी व्हॉल्व्ह अगदी जरा-जरा उघडत होतो. थंड पाइपात वाफ शिरली की तिचं पाणी होतं आणि ते ठकाठक आवाज करतं. पहिला ठोका ऐकून शेठजी चार पावलं मागं सरले. पोहेवाला मात्र त्याच्या आवारातून पाइपाबरोबर चालत होता, घरात नवीन आलेल्या वासरामागं चालावं तसा. थोड्या वेळानं ठोके थांबले. मग बाईंचा फोन आला. शेठजींनी स्पीकर लावला.

"काटा चढून राहिला," बाई म्हणाल्या. शाळेत प्रमाण भाषेचा आग्रह धरणाऱ्या बाई.

तेव्हापासून डेअरीचं धुराडं थंड आहे. पोह्याचं पाणी आमच्या वाफेवर तापतं. पोहे भाजायला कोळसा अजून लागतो, पण निम्म्याहून कमी. भाजणीसाठी विजेवरची भट्टी घ्यायची का, यावर तिघांची दर महिन्याला बैठक होते. ती कधी मिलमध्ये, कधी डेअरीत, आणि पोहेवाल्याकडे असली की चिवडा असतो. रस्त्यावरचे आणखी दोन कारखानदार मध्ये येऊन पाइप बघून गेले. कामगारांसाठी सगळ्यांची मिळून एकच गाडी ठेवता येईल, असं त्यांच्यापैकी एकानं काढलं आहे. त्यावर सध्या वेळेचं भांडण चालू आहे, पण ते तोंडावर चालू आहे, हे बरं.

डेअरीचा माणूस आमच्याकडे आल्यापासून बॉयलरवर आम्ही दोघं झालो आणि मला रविवारची सुट्टी मिळायला लागली. आधी तिचं काय करायचं तेच कळेना. गेल्या रविवारी बायको म्हणाली, चला भंडाऱ्याला. एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. रस्त्याकडेला राईस मिल्स लागल्या, कुठं वीटभट्टी, कुठं तेलाची घाणी, आणि मी प्रत्येक धुराड्याचा शेजारी कोण ते बघत होतो. हे अन् ते जोडता येईल, मध्ये फक्त एक बांध आहे, असं मी तिला सांगत होतो.

तिनं पिशवीतून पेरू काढून माझ्या हातात दिला.

"आज सुट्टी आहे जी तुमची," ती म्हणाली.