धुऱ्यावरचं शेंदाड

फोन नीट कानाला धर बाई. परवा फोनवर म्हणालीस, "आजी, एका रानवेलीपायी पोटच्या लेकाशी भांडलीस?" माझ्या बहिणीची नात तू, आणि असं विचारवलं तरी कसं गं तुला? आता नीट ऐक.

आपण काकडीसारखं वाळूक लावतो ना, त्याचं रानटी भावंड म्हणजे शेंदाड. लिंबाएवढं फळ, अंगावर पट्टे, कच्चं कडू आणि पिकलं की आंबटगोड. लग्न होऊन मी चुडाव्याकडं आले तेव्हा कापसात, ज्वारीत ते आपोआप उगवायचं. खुरपताना आम्ही बाया बाकीचं उपटायचो, पण धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, एक वेल राखायचोच.

आता पाऊस आधी तोंड लपवतो आणि आला की एका झडीत रानाचं तळं करतो. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळ्या कुजतात. बघता बघता शेंदाड आमच्या शिवारातून गेलं. मग एकदा माहेरी गेले, चारठाण्याकडच्या माळावर, तर भावजय म्हणाली, "वन्सं, तुमचं शेंदाड आमच्याकडं राहायला आलंय. पयलं इथं दिसत बी नव्हतं!" खरंच, मुरमाड उतारावर, जिथं पाणी थांबत नाही तिथं वेलच वेल.

पिकलेली फळं पदरात बांधून आणली. बिया शेणात कालवून भिंतीला थापल्या, सासूबाई थापायच्या तशा. पावसाळ्यात धुऱ्याच्या उंच अंगाला मुरूम टाकून लावल्या. वेलानं जीव धरला, तोच लेक पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन हजर. मी वेलाजवळ बसकणच मारली.

"आई, ऊठ. याच्या फुलावरची माशी वाळकावर बसली, तर पुढच्या साली ते कडू निघंल."

"वाळूक पार हिरीपल्याड लावलंय मी. याला हात लावायचा न्हाई."

"अगं, त्याला इथली हवा मानवत न्हाई आता. गेलं ते गेलं."

"मला तरी कुठं मानवायलीय? मार माझ्यावर बी फवारा!"

कापसातून सून ओरडली, "नका मारू, आत्याबाई लगेच परत उगवत्याल!"

लेकाला हसू आवरेना. म्हणाला, "एवढा धुरा तुझा. पण औंदा वेल जळाला तर हट्ट सोडायचा."

"जळाला तर पुन्हा माहेरी जाईन, पुन्हा बी आणीन. तिथूनही हललं तर जिथं गेलं असेल तिथं जाईन."

वाळूक आपलं लाडात वाढलेलं. उद्या त्याला हे ऊनपाणी सोसलं नाही, तर अंगात धमक असलेलं बी मागायचं कुणाकडं? ह्या शेंदाडाकडंच ना? मग मी कशी उठेन तिथून?

सध्या वेलाला बारकी पिवळी फुलं लागलीत. लेकाला मी सांगितलं म्हणून कळलं; ह्या घरात नुसत्या पानावरून शेंदाडाचा वेल ओळखणारी मी एकटीच उरले. माझ्यामागं कुणी तण समजून उपटला, तर एवढं भांडून काय मिळवलं? म्हणून पान कसं, फूल कसं, तुला हातात देऊन दाखवायचंय. वेल हिरवा आहे तोवर ये. लवकर ये गं.