चक्रीय अर्थव्यवस्था आणि रशीदभाईंचा पेला

सोमवारी सकाळी दहा वाजता, चाकणच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये माझ्यावर घोर अन्याय झाला. कागदी कप बंद! 'आपला पेला आपण आणा, पर्यावरण वाचवा' असा बोर्ड... आणि बोर्डावरचं मराठी माझंच.

दिवाळी अंकात माझे दोन विनोदी लेख छापून आले, तेव्हापासून कंपनीत मराठीत काहीही लिहायचं असलं की ते माझ्या टेबलावर येतं. विनोदी लेखांना कुणी हसलं नव्हतं. या बोर्डाला मात्र सगळे हसतात.

महिन्यापूर्वी असंच एक काम आलं होतं... कंपनीशी धंदा करणाऱ्या सगळ्यांना पाठवायची पर्यावरणाची प्रश्नावली. मी हौसेने मराठी केलं. 'आपणांकडे चक्रीय अर्थव्यवस्थेचे धोरण आहे काय?' 'कर्ब-पदचिन्ह घटविण्याकरिता उपाययोजना योजिली आहे काय?' वाचून माझा मलाच अभिमान वाटला.

तर त्या सोमवारी बिनचहाच्या डोक्याने बसलो असताना पर्चेसच्या मॅडमनी एक भरलेला फॉर्म पुढे टाकला. निघोज्याच्या रशीदभाईंचा. माल रचायच्या आमच्या लाकडी पॅलेट मोडल्या की गेली कित्येक वर्षं तेच दुरुस्त करतात.

सुताराच्या जाड पेन्सिलीने उत्तरं. धोरण? न्हाई. उपाययोजना? न्हाई. दरमहा कचरा किती? कचरा न्हाई. 'उघड्यावर काही जाळता काय?' एवढ्या एकाच प्रश्नाला ठसठशीत 'हो'.

"शुक्रवारपर्यंत नीट भरून आला नाही तर त्यांचं काम बंद," मॅडम म्हणाल्या. "प्लास्टिकच्या पॅलेट भाड्याने घेणार. त्यांना मराठी येत नाही का हो?"

मराठी त्यांना येतं... माझं मराठी कुणालाच येत नव्हतं.

दुपारी निघोज्याला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये रशीदभाई मोडकी पॅलेट उलटी करून बसले होते. फॉर्म पाहून हसले. "कोर्टाचा कागद वाटला, साहेब. म्हटलं, सगळ्याला न्हाई म्हणलेलं बरं."

मी आजूबाजूला बघितलं. पाच मोडक्या पॅलेटमधून तीन धडधाकट उभ्या राहत होत्या. उरलेल्या फळ्यांच्या खोक्यांची थप्पी भिंतीला लागलेली. आणि कोपऱ्यात त्यांच्या घरच्या, हमीदाभाभी, रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर वाकडे खिळे ठोकून सरळ करत होत्या. टक... टक... एकही खिळा भंगारात जात नव्हता.

"रशीदभाई, चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे हेच की हो!"

"एवढंच व्हय? मग सरळ लिवायचं ना... टाकता का वापरता?"

पुढचा तासभर मी एकेक शब्द सांगत गेलो आणि ते एकेक फळी वाजवून बघावी तसा तो तपासत गेले. कार्बन फूटप्रिंट समजल्यावर त्यांनी विचारलं, ही प्लास्टिकची पॅलेट कुठून येणार, किती लांबून? खरं सांगतो, पर्यावरणावरच्या आमच्या वातानुकूलित कार्यशाळेत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

शेवटी सहीच्या वर एक ओळ होती : 'उपरोक्त माहितीत हरित-मुलामा नाही.' ग्रीनवॉशिंगचं माझं भाषांतर. त्यांनी अर्थ विचारला. म्हटलं, करायचं काही नाही, पण पर्यावरणाचं फार करतो असं भासवायचं.

"म्हंजे किडक्या फळीला हिरवा रंग," ते म्हणाले. एवढी नेमकी व्याख्या मी अजून कुठे वाचलेली नाही.

कचऱ्याचं 'न्हाई' खरंच होतं; बाकी सगळ्या 'न्हाई'ची 'हो' झाली. राहिला तो एक 'हो'. स्टीलच्या पेल्यातला चहा घेत मी हळूच सुचवलं, "जाळण्याचं ते खोडू या. थोडासा भुसा... कोण बघायला येतंय?"

रशीदभाईंनी चुलीकडे बोट दाखवलं. "तुमी चहा कशावरचा पिताय, साहेब?"

भुशाच्याच चुलीवरचा. उघड्यावर.

"आन खाली सही करायची, मुलामा न्हाई म्हणून. मग हे खोडायचं म्हंजे काय झालं? मगाशी तुमीच सांगितलं की."

हमीदाभाभींची हातोडी थांबली. "खोडा की! काम गेल्यावर हे खिळे काय माझ्या डोक्यात ठोकणार?"

"रोज गेटवर तोंड मला दाखवायचं हाय," म्हणत रशीदभाईंनी सही केली. 'हो' तसाच राहिला. आणि मी, पर्यावरणाच्या पारिभाषिक शब्दांचा अधिकृत भाषांतरकार, उरलेला चहा संपवला.

निघताना त्यांनी तो पेलाच धुऊन माझ्या हातात दिला. "कँटीनला कप न्हाई म्हणता... ऱ्हाऊ द्या."

शुक्रवारपर्यंत मला चहा गोड लागला नाही. शुक्रवारी संध्याकाळी मॅडम आल्या. म्हणाल्या, "आलेल्या सगळ्या फॉर्ममध्ये जाळतो म्हणणारा हा एकटाच. म्हणून बाकीचंही खरं असेल असं वाटलं... जाऊन बघून आले."

काम राहिलं. अट एकच, जाळणं बंद. आता भुसा चऱ्होलीच्या एका गोठ्यात म्हशींखाली अंथरायला जातो आणि चहा गॅसवर होतो. प्रश्नावली मी पुन्हा लिहायला घेतलीये. पहिला प्रश्न : टाकता का वापरता?

इतके दिवस मी हे शब्द नुसते मिरवत आलो. शब्द बिचारे चांगले होते... फक्त चुकीच्या माणसाच्या हातात पडले होते.

पेला परत द्यायचा राहिला होता. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिस्त. मग शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या डिस्पॅचच्या आवारात पडलेले वाकडे खिळे वेचले. घरी फरशीच्या तुकड्यावर ठोकत बसलो. अंगठा निळा झाला, पण पेला भरला.

काल निघोज्याला गेलो तेव्हा दोघं आत जेवत होती. पेला रुळाच्या तुकड्यावर ठेवला आणि आवाज न करता निघून आलो.