काळ्या स्क्रीनवरची शेवटची ओळ

अडीच महिने मी अप्पांना आईला भेटू दिलं नाही.

आणि वर त्यांच्याकडून शाबासकी घेतली.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

माझे वडील सोलापुरात लग्नपत्रिका छापून द्यायचे. मराठी आणि कन्नड, दोन्ही. आई प्रूफ तपासायची आणि अप्पांच्या चुका गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायची. आई गेली, अप्पांनी दुकान बंद केलं आणि तिथला कॉम्प्युटर घरी आणून खिडकीपाशी ठेवला.

तो इतका हळू झाला होता की बटण दाबून अप्पांची लिंगपूजा आटपली, तरी तो आपला चालूच होत असायचा.

मी पुण्यात आयटीत. म्हणजे घरातली हुशार.

मी त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकली. जुनं विंडोज मात्र ठेवलं, कारण पत्रिकांचे फॉन्ट त्यातच होते.

आता कॉम्प्युटर चालू केला की आधी काळी स्क्रीन यायची, तिच्यावर चार ओळींची यादी. पहिली ओळ लिनक्सची, शेवटची विंडोजची. दहा सेकंदांत काही निवडलं नाही, तर पहिली ओळ आपोआप सुरू.

दिवाळीला घरी आले तेव्हा पाहिलं, अप्पा त्या यादीसमोर बसलेत. सकाळचं ऊन कीबोर्डवर पसरलंय. बोट खालच्या बाणावर, ओठ हलतायत. सेकंद उतरतायत आणि अप्पा कुठल्या कुठं गेल्यासारखे दिसतायत.

मला वाटलं, बिचारे गोंधळतात.

"अप्पा, ही यादीच घालवू का? सरळ चालू होईल."

अप्पांनी बाणावरचं बोट उचललं.

"तुला बरं वाटतंय तर घालव की."

एक फाइल उघडली. मेनू लपव, थांबायचं शून्य सेकंद. सेव्ह. रिस्टार्ट.

यादी पुन्हा हजर!

का, तर आत दुसरी सिस्टिम, म्हणजे विंडोज, सापडली की हे यंत्र मेनू लपवायला तयार होत नाही. ते बिचारं सांगत होतं, अगं बाई, इथं अजून कुणीतरी राहतंय.

पण मी कसली ऐकते! शोधून शोधून त्याला दुसरी सिस्टिम बघायलाच बंदी केली. यादी गेली, विंडोजकडं जायची वाटही गेली; पत्रिका बंद झाल्यात, ती कुणाला लागणार! मी खूश.

पुण्याहून फोनवर, 'शरणु'चा नमस्कार झाला की, मी विचारायचे, "कॉम्प्युटर बरा चाललाय ना?"

"व्हय. लई झटकन चालू होतंय. हुशार हायस."

संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला, पुन्हा आले. सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर अप्पा बटण दाबून खालचा बाण दाबतायत. टक टक टक. स्क्रीनवर काहीच नाही. लिनक्स सुरू झालं. अप्पांनी ते बंद केलं. पुन्हा चालू. पुन्हा टक टक टक.

"काय करायलाव अप्पा?"

"काय न्हाय. सवय."

"कसली सवय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"तुझी आई तितं होती की."

मला एकदम आठवलं.

विंडोजचा वॉलपेपर. आईचा फोटो. दुकानातल्या खुर्चीत बसलेली, हातात पत्रिका, हसू दाबत असलेली. तिनं स्वतःच लावून घेतला होता, अप्पा कामाच्या वेळी कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसायचे म्हणून. "इल्ली नोडरी," म्हणायची. इकडं बघा.

अप्पा रोज सकाळी पाच मिनिटं तिच्यासमोर बसायचे. मग बंद करून लिनक्समध्ये पेपर वाचायला यायचे. मला ठाऊकच नव्हतं.

"मग मला विचारायचं की अप्पा! अडीच महिने?"

"तू काढलंस म्हंजे काय तरी इचार करूनच काढलं असशील. मला वाटलं, पोरीला वाटत असंल, बापानं आता किती दिवस तितं बसावं."

मी कीबोर्ड माझ्याकडं ओढला. 

मग सगळं उलटं केलं. रडत रडत. पासवर्ड तीनदा चुकला. यादी आली. शेवटची ओळ आली.

म्हटलं, "अप्पा, फोटो इकडं लिनक्सवरच लावते. जायचीच गरज नाही."

"नको. तितं जायला लागतंय तेच बरं हाय. फक्त ते सेकंद जरा वाढव. दहा लई कमी पडतात."

तीस केले.

दुसऱ्या दिवशी दारातून पाहिलं. अप्पांनी हातानं केस सारखे केले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि सेकंद उतरताना बघत बसले. कुणाच्या घरी जाताना दाराबाहेर थांबावं तसे. घाई कसलीच नाही. माझ्याकडं तर लक्षच नव्हतं. मी पाऊल न वाजवता मागं फिरले.

पुढं जेमतेम काही आठवडे मिळाले त्यांना.

लोक म्हणतात, भाग्यवान, झोपेत गेले. असतील. मला मात्र ते अडीच महिने सुटत नाहीत. रोज सकाळी रिकाम्या स्क्रीनवर बाण दाबणारा माझा बाप, आणि तरी फोनवर मला हुशार म्हणणारा.

शरणु, अप्पा.

आईला सांगा, मी मुद्दाम नव्हतं केलं.